मंगन्याची थाळी

अहिल्याबाई जेवायला बसल्या की घर आपोआप दबक्या पावलांनी चालायला लागे. "श्रीकृष्णार्पण" हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यानंतर पानावरून उठेपर्यंत तोंडातून अक्षर निघायचं नाही. यजमान चिंतामणराव गेले त्या वर्षी त्यांनी हा मौनभोजनाचा नेम चातुर्मासापुरता धरला होता. कार्तिकात सोडायचा होता, तो सोडवलाच नाही. दिवसातून एकदा जेवण, तेही दुपारी, आणि तेही मुक्यानं. चुकून शब्द निघालाच तर पानातच हात धुवायचा, उठायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यापर्यंत पाण्यावर राहायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या मिठाच्या बरणीकडे नुसतं बघत. सून जवळ असली तर तिला कळे. नसली तर अळणी जेवून उठत आणि वर म्हणत, आज पथ्याचं झालं.

सून देवश्री माहेरची जबलपूरची, बोलकी. ती मैत्रिणींना सांगे की आमच्या आई जेवायला बसल्या म्हणजे गल्लीतला भाजीवालासुद्धा हळू ओरडतो. अहिल्याबाईंच्या कानावर हे आलं होतं. त्या हसल्या होत्या. मुलगा यशोधन नोकरीपायी सिवनीला, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस बालाघाटच्या त्या घरात सासू आणि सून दोघीच. दोघींचं बरं चाललं होतं, कारण एकीला बोलायला आवडे आणि दुसरीला ऐकायला.

भाद्रपद नुकताच लागला होता. एका संध्याकाळी देवश्री दवाखान्यातून आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आई, एक विचारायचं होतं. म्हणजे विचारायला तसा उशीरच झालाय."

सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत ती कामाला होती. तिथे भरवेलीची एक बाई येत होती, शेवंताबाई नावाची. नवरा तिथल्या खदानीत, म्हणजे खाणीत, कामाला होता, तो वारला. आता ती खदानीच्या फाटकाबाहेर मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि फुटाणे विकून राहते. पोटात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी नागपूरला जाऊन लवकर काढून घ्यायला सांगितलं होतं. मोफत उपचाराचं कार्ड झालं होतं, तिकडची तारीख मिळाली होती, लामता गावचा भाचा सोबत जायला तयार होता. आणि बाई जात नव्हती. का, तर घरात कुत्रा आहे. शेजारी दोन दिवस बघतील, महिनाभर कोण बघणार? गेल्या खेपेला ती दोनच दिवस गोंदियाला गेली, तर कुणीतरी त्याला दगड मारून पाय सुजवला होता. डॉक्टरांनी समजावलं, नर्सांनी झापलं, बाई आपली मान हलवून म्हणे, मी नाई जात.

"मग माझ्या तोंडून निघून गेलं," देवश्री म्हणाली, "की आमच्याकडे ठेवा."

अहिल्याबाई वाती वळत होत्या. हातातली वात पुरी झाली, दुसरी घेतली. या घरात आजवर जनावर म्हणजे दारात गोग्रासाला येणारी गाय, आणि तिलाही फाटकाच्या आत पाऊल नव्हतं. सोवळं पाळणाऱ्या घरात कुत्रा म्हणजे काय, हे सुनेला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच चप्पल अजून पायात होती.

"मागच्या ओसरीवर राहील," अहिल्याबाई हळूच म्हणाल्या. "स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र ओलांडायचा नाही."

"नाही ओलांडणार. मी बघेन."

"तू कुठे बघणार, तू दवाखान्यात. मीच बघेन." आणि त्यांनी वात तुपात बुडवली.

शेवंताबाई दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोतून आल्या. बारीक अंगाची, पन्नाशी ओलांडलेली बाई. एका हातात कुत्र्याच्या गळ्यातली दोरी, दुसऱ्या हातात पिशवी. कुत्रा काळाकुळकुळीत, ऊन पडलं की अंगावर निळसर झाक मारणारा, एक कान मोडका. पिशवीत एक गोणपाट आणि जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, थाळी. थाळीला मधोमध पोचा पडलेला होता, त्यामुळे ती जमिनीवर नीट बसत नव्हती. शेवंताबाईंनी कौतुकानं ती बोटानं हलवून दाखवली. ठक, ठक.

"हा जेवते ना बाई, तं घरभर ढोलकी वाजते," त्या म्हणाल्या.

अहिल्याबाईंनी नाव विचारलं. बाई काहीतरी म्हणाली, ते त्यांना मंगळ्या ऐकू आलं. मंगळवारी सापडला असेल, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि पुढे दोन दिवस त्याला मोठ्या आदरानं मंगळ म्हणून हाक मारली. तो ढुंकूनही बघेना. शेवटी देवश्री हसत सुटली: मंगळ नाही आई, मंगन्या. मँगनीजच्या खदानीत सापडलेला, दगडासारखा काळा, म्हणून मंगन्या.

त्या सकाळी शेवंताबाईंनी एकेक गोष्ट सांगितली. फटाक्याला भितो. पावसात भिजला तर पुसावं लागत नाही, स्वतःच अंग झाडतो, पण तेव्हा जवळ उभं राहू नये. मोडक्या कानामागे खाजवलं की डोळे मिटतो. खाण्यापिण्याचं काय, असं अहिल्याबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी हातच झटकला.

"त्याचं काय हाय. भात म्हना, पेज म्हना, शिळंपाकं म्हना, जे द्याल ते खाते. आमच्या कुत्र्याले नखरे परवडते काय? मी जेवतो तवा उंबरठ्याच्या बाहेर बसते. आत पाय नाई टाकत."

"आत नाही येत?" अहिल्याबाईंनी जरा उजळून विचारलं.

"हौ. आमच्या धन्याची शिस्त होती तशी."

तो 'हौ' ऐकून अहिल्याबाईंना उगीचच बरं वाटलं. त्याही लामत्याच्या. धानाच्या शेतात वाढलेल्या, हौ म्हणतच मोठ्या झालेल्या. लग्न होऊन या कोर्ट-कचेरीतल्या घरात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मायेनंच सांगितलं होतं: अहिल्ये, हौ नाही गं म्हणू, हो म्हणावं. सासूबाई रागावल्या असत्या तर कदाचित विसरताही आलं असतं. मायेनं सांगितलेलं मोडता येत नाही. पुढे माहेरी गेल्या तरी हो म्हणत, आणि भावजया तोंडाला पदर लावून हसत.

शेवंताबाई निघाल्या तेव्हा मंगन्या दोरी ताणून उभा राहिला. भुंकला नाही. ऑटो वळणावरून दिसेनासा झाला, त्याच्या आवाजाचाही मागमूस राहिला नाही, तरी उभाच. मग ओसरीवर येऊन गोणपाट हुंगलं आणि त्यावर बसला.

त्या दुपारी अहिल्याबाईंनी देवाला नैवेद्य दाखवला, गोग्रास काढला, आणि मंगन्याची थाळी वाढली. भात, वरण, वर थोडं तूप. पाहुणा आधी, मग आपण, हा त्यांचा साधा हिशेब. थाळी उंबरठ्याबाहेर ठेवून, हात धुवून, त्या उंबरठ्याच्या आत आपल्या पाटावर बसल्या. श्रीकृष्णार्पण म्हटलं. मंगन्या थाळीसमोर येऊन बसला, अगदी ताठ. त्यानं भाताकडे पाहिलं, मग अहिल्याबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तसाच बघत राहिला.

त्या जेवून उठल्या तरी थाळी भरलेलीच होती.

नवं घर आहे, त्या देवश्रीला म्हणाल्या, सवय होईल. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी देवश्रीनं दूध घातलं, मग बिस्किटं आणली, मग दुकानातून कुत्र्याचं म्हणून मिळतं ते खाणं आणलं, ज्याच्या वासानं अहिल्याबाईंनी दिवसभर नाकाला पदर लावला. मंगन्या पाणी प्यायचा. सकाळी तुळशीभोवतीची मुंगी नाहीतर एखादा किडा टिपायचा, अंगणात पडलेलं काहीबाही चाटायचा. पण थाळीला तोंड नाही. दुपार झाली की येऊन समोर बसायचा खरा. लाळ गळायची, घशातून बारीक सूर यायचा, मान खाली जात नसे. नजर अहिल्याबाईंच्या तोंडावर.

"भूक तर दिसतेय," देवश्री म्हणे. "मग खात का नाही? सत्याग्रह आहे का हा?"

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, दात ठीक, पोट ठीक. घर सुटल्याचं दुःख धरलंय, ते म्हणाले, हळूहळू खाईल. नाहीच खाल्लं तर सलाईन लावू. म्हातारं जनावर आहे, फार दिवस निभणार नाही, हेही जाता जाता सांगून गेले.

त्याच्या फासळ्या दिसू लागल्या. अहिल्याबाईंना स्वतःचा घास गोड लागेना. देवासमोर बसल्या की मधेच लक्ष ओसरीकडे जाई. त्यांनी तुळशीला नवस बोलून पाहिला, पोथीचा एक अध्याय जास्त वाचून पाहिला. वाढताना त्याच्या मोडक्या कानामागे खाजवूनही पाहिलं, मग पुन्हा अंघोळ केली. डोळे तो मिटायचा. पण खायचा नाही.

आणि फोन तर रोज यायचा.

नागपुरात शेवंताबाईंच्या तपासण्या चालू होत्या. रक्त कमी होतं, ते चढवायचं होतं, मग ऑपरेशन. संध्याकाळी त्या देवश्रीच्या मोबाइलवर फोन करत. स्वतःच्या तब्येतीचं एक वाक्य बोलत आणि लगेच विचारत, खाऊन राह्यला ना तो? देवश्रीनं पहिल्या दिवशी म्हटलं, हो, खातोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एकदम मस्त. तिसऱ्या दिवशी तिनं वरणभाताच्या जोडीला पोळीचंही नाव घेतलं. फोन ठेवून ती सासूकडे न बघता म्हणाली, "खरं सांगितलं तर ती खाटेवरून उठून येईल, आई. ऑपरेशन राहिलं तर ती बाई दिवाळी बघणार नाही. मी रिपोर्ट पाहिलेत."

खोटं बोलायचं नाही हा काही अहिल्याबाईंचा नेम नव्हता. त्याला नेम करावा लागतो असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. पण खोटं बोललं जात असताना आपण शेजारी गप्प बसलो, हे त्यांना रात्रभर टोचलं. मौन काय फक्त जेवतानाच पाळायचं असतं, आणि बाकीच्या वेळी सोयीचं?

एकदा देवश्रीनं फोन मंगन्याच्या कानाशी धरला. पलीकडून शेवंताबाई म्हणाल्या, खा रे बाबू, खात जा बरं का. मंगन्या ताडकन उठला. फोन हुंगला, देवश्रीचा हात हुंगला, ओसरीला दोन फेऱ्या मारल्या, फाटकापर्यंत जाऊन आला. मग गोणपाटावर अंग टाकून असा काही सुस्कारा सोडला की देवश्रीनं तो प्रयोग पुन्हा केला नाही.

शेवंताबाईही काही भोळ्या नव्हत्या. एका संध्याकाळी त्यांनी देवश्रीला विचारलं, पोळी कशासोबत खाते तो? देवश्री म्हणाली, भाजीसोबत. मग शेवंताबाई म्हणाल्या, "म्याडम, बाकी सारं खाते, पन तो भाजी हुंगतसुदिक नाई. तुमच्या सासूबाईले द्या फोन."

त्या देवापाशी बसल्या आहेत, असं देवश्रीनं सांगितलं. ते खरं होतं. पण अहिल्याबाई त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ देवापाशी बसून राहिल्या, हेही खरं होतं.

ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी देवश्रीला दवाखान्यात सकाळपासून काम होतं, कुठलंसं शिबिर होतं. घरात अहिल्याबाई एकट्याच. बाहेर झड लागलेली होती, कौलांवरून पागोळ्यांची माळ अंगणात पडत होती आणि मंगन्या ओसरीवर कोरड्या कोपऱ्यात पडून होता. आता तो उठतानाही मागचे पाय सावरून उठे.

नैवेद्य झाला. अहिल्याबाईंनी थाळी वाढली, नुसती मऊ पेज, त्याला गिळायला सोपी म्हणून. मंगन्या आला, बसला. त्या पाटावर बसल्या. श्रीकृष्णार्पण म्हटलं आणि पहिला घास घेतला. मंगन्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

तेवढ्यात कोनाड्यातला त्यांचा साधा फोन वाजला.

जेवताना फोन वाजला तर त्या वाजू देत. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, आणि पुन्हा. या नंबरावर कुणी सहसा फोन करत नसे. देवश्रीनं अडीअडचणीला असावा म्हणून तो शेवंताबाईंच्या हातात लिहून दिला होता. अहिल्याबाईंच्या मनात आलं, ऐकायला काय हरकत आहे. नेम बोलण्याचा आहे, ऐकण्याचा नाही. पान सोडून उठायचं नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या डावा हात लांबवून त्यांनी फोन ओढला आणि हिरवं बटण दाबलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून देवश्रीनं तो मोठ्या आवाजावरच लावून ठेवलेला होता.

"बाई," शेवंताबाईंचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. "बाई, मी शेवंता."

मंगन्याचे कान उभे राहिले, मोडका धरून.

अहिल्याबाई गप्प.

"बाई, हाय काय तुमी? म्याडमले नाई केला फोन. म्याडम मनानं चांगली हाय, पन खोटं बोलते ते मले समजते. तुमी खोटं नाई बोलनार. मले खरं सांगा."

अहिल्याबाईंनी उजव्या हातातला घास पानात ठेवला. काही खूण करावी म्हणून पळी वाटीवर वाजवली. खणकन आवाज झाला. त्यातून पलीकडे काय कळणार होतं?

"बोलत काहून नाई?" आवाज जरा कापला. मग हळू झाला. "गेला काय तो? बाई, गेला असन तं सांगून टाका."

अहिल्याबाईंनी मान हलवली, जोरजोरानं. फोनला काय मान दिसते? समोर मंगन्या एकदा फोनकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होता. पलीकडे हालचाल ऐकू आली. राजू, माझा झोला आन, शेवंताबाई कुणाला तरी सांगत होत्या, तो भाचा असावा. भाच्याचा आवाज आला, मामी, उद्या ऑपरेशन आहे, पगलाई मत करो. शेवंताबाई म्हणाल्या, होईन मंग कधी. जितं जनावर उपाशी ठेवून मले नाई निजता येत. संध्याकाळची गोंदियाची गाडी भेटन.

मग पुन्हा फोनमध्ये, अगदी जवळून, जसं शेजारच्या खोलीतून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बाई, दुसरं काई नका सांगू. एवढंच सांगा. वाढलं काय त्याले?"

मंगन्या ताठ झाला. त्यानं फोनकडे पाठ केली आणि अहिल्याबाईंच्या तोंडावर नजर रोखली. रोज बघायचा तसंच, पण आज त्याच्या अंगावर काटा उठल्यासारखे केस उभे होते.

खातो का, असं विचारलं असतं तर अहिल्याबाईंना उत्तर नव्हतं. पण विचारलं होतं ते वेगळं. वाढलं का? वाढलं तर होतं. समोर होतं, वाफ निघत होती. त्याचं खरं उत्तर देता येत होतं. एकच अक्षर. बदल्यात पान सोडावं लागणार होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी पानाकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. आणि ज्या बोलीत प्रश्न आला होता, त्याच बोलीत, लामत्याच्या घरी परसातून आईला ओ द्यायच्या तसं, त्यांच्या तोंडून निघालं,

"हौ."

मंगन्याची मान खाली गेली.

एवढे दिवस जी मान गेली नव्हती ती अशी गेली, जणू कुणी दोरी सोडली. तो लपालपा खाऊ लागला. पोचा पडलेली थाळी त्याच्या तोंडाखाली डोलू लागली आणि फरशीवर आवाज सुरू झाला. ठक, ठक. ठक-ठक-ठक.

अहिल्याबाई बघत राहिल्या. हात पानात तसाच. फोनमधून शेवंताबाईंचा श्वास ऐकू आला, आणि मग आवाज.

"थाळी वाजून राह्यली ना बाई?"

"हौ," अहिल्याबाई दुसऱ्यांदा म्हणाल्या. नेम आता मोडलाच होता. "ढोलकी वाजतेय. तुम्ही निजा. उद्या ऑपरेशन करून घ्या. मग सगळं सांगेन."

"राजू," पलीकडे शेवंताबाई म्हणाल्या, "ठेव तो झोला."

फोन बंद झाला. अहिल्याबाईंनी पानातच हात धुतला. मंगन्यानं थाळी चाटून इतकी स्वच्छ केली होती की तिच्यातला पोचा चमकत होता. तो पुन्हा बसला आणि वर बघू लागला. अहिल्याबाईंनी आपलं पान उचललं, जेमतेम एक घास कमी झालेलं, आणि ते उंबरठ्याबाहेर त्याच्यापुढे ठेवलं. तो बघतच राहिला. त्यांना हसू आलं. म्हणजे हे होतं तर.

"हो," त्या म्हणाल्या. खात्री करून घ्यावी म्हणून.

मंगन्यानं मान तिरपी केली.

"हौ."

ठक-ठक आवाज काही झाला नाही, कारण त्यांचं ताट सपाट होतं. पण भात संपला.

देवश्री संध्याकाळी आली तेव्हा सासू रिकाम्या पोटी वाती वळत होती आणि कुत्रा भरल्या पोटी घोरत होता. तिला आधी आनंद झाला, मग सगळं ऐकून ती हळहळली. आई, निदान दूध तरी घ्या, नेम तुमचाच, थोडा वाकवला तर देव काय म्हणणार आहे? अहिल्याबाई म्हणाल्या, एका दिवसानं काही होत नाही, त्यानं बघ किती काढले. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना दुपारपासून छळत होती. तो रोज माझ्याकडे शब्द मागत होता, आणि मी त्याच्यासमोर मुक्यानं घास घेत होते.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" देवश्री म्हणाली.

"नव्हतं माहीत," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि वातीला पीळ दिला.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. शेवंताबाईंना बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी अहिल्याबाईंनी स्वतः फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, उपाशी दिवसांसकट, देवश्रीच्या भाजीपोळीसकट. पलीकडून कण्हल्यासारखं काहीतरी आलं. अहिल्याबाई घाबरल्या.

"हसवू नका बाई, टाके दुखते," शेवंताबाई म्हणाल्या. आणि दम खाऊन, थांबत थांबत, त्यांनी सांगितलं ते असं. महागू, म्हणजे त्यांचा नवरा, खदानीतून घरी येऊन पाटावर बसला की घास उचलायच्या आधी रोज विचारायचा, वाढलं काय त्याले? आणि त्या चुलीपासून म्हणायच्या, हौ. मगच माणसं जेवायची. "ते गेले, तं घर मुकं झालं. मंग मीच विचारो आनि मीच हौ म्हनो. वेड्यासारखं वाटे, पन एकट्या बाईच्या घरात दोन आवाज तं पायजे ना. मले का ठावं, तो कान देऊन बसते म्हनून? मले वाटे, तो मी जेवाची वाट पाह्यते."

अहिल्याबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ ओसरीच्या पायरीवर बसून राहिल्या. मंगन्या येऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला. सोवळ्याचं अंतर त्याला नेमकं कळलं होतं.

त्या दिवसापासून नेमात एवढाच फरक पडला. थाळी वाढायची, पाटावर बसायचं, आणि श्रीकृष्णार्पण म्हणण्याच्या आधी विचारायचं, वाढलं काय? मग स्वतःच म्हणायचं, हौ. मग श्रीकृष्णार्पण. मग मौन. मौनात बाहेर ढोलकी वाजत असे. देवश्री घरी असली की प्रश्न ती विचारे, मुद्दाम शेवंताबाईंची नक्कल करत, आणि अहिल्याबाई डोळे वटारून हौ म्हणत. एका शनिवारी यशोधननं आईच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि बायकोकडे बघितलं. देवश्रीनं ओठांवर बोट ठेवलं.

नवरात्राच्या आधी शेवंताबाई परत आल्या. आणखी बारीक झालेल्या, पण चालत, फाटकातून स्वतःच्या पायांनी. मंगन्यानं काय केलं ते सांगायला नको. तुळशीपुढची रांगोळी त्या दिवशी पुन्हा घालावी लागली. अहिल्याबाईंनी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दोघी समोरासमोर बसल्या. शेवंताबाईंनी सवयीनं विचारलं, आणि दोघींच्या तोंडून उत्तर एकदमच आलं. मंगन्या क्षणभर गोंधळून इकडून तिकडे बघत राहिला. मग त्यानं विचार केला असावा की दोन परवानग्या एकीपेक्षा बऱ्या.

जाताना शेवंताबाईंनी ओंजळभर मुर्रा देवापुढे ठेवला आणि थाळी पिशवीत घातली. ऑटो वळणावरून दिसेनासा झाला. या खेपेला मंगन्या त्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अहिल्याबाई पाटावर बसल्या. उंबरठ्याबाहेर ओसरी रिकामी होती. गोणपाट राहूनच गेलं होतं, नाहीतर मुद्दाम ठेवलं असेल. देवश्रीला सुटी होती. ती वाढून झाल्यावर तिथेच दाराशी घुटमळत उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "वैनगंगेकाठचे एक दादाजी आहेत, एकटेच असतात. घराची भिंत पडली पावसात. भावाकडे राहायला चाललेत, तो त्यांच्या मांजरीला घरात घेत नाही. भिंत उभी होईपर्यंत." ती थांबली. "मी अजून हो म्हटलेलं नाही. या खेपेला आधी विचारतेय."

अहिल्याबाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं. मांजर उंबरठा मानत नाही, हे त्यांना माहीत होतं. दुधाचं पातेलं उंच ठेवावं लागेल, देवघराचं दार लावून घ्यावं लागेल. ती काय ऐकून जेवते, हे त्या दादाजींना नीट विचारून घ्यावं लागेल, आणि त्यांना तरी ते माहीत असेल याचा काय नेम. श्रीकृष्णार्पण म्हणायचं बाकी होतं.

"हौ," त्या म्हणाल्या, आणि मग श्रीकृष्णार्पण म्हणून पहिला घास घेतला.